समुद्राकडचं दार

१

बेचाळीस वर्षांत सुमनबाईनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. तेही एका लग्नाच्या वऱ्हाडात, ट्रकच्या फळीवरून मान उंच करून, लांबून. त्यामुळं लेकीचं पत्र आलं, ‘आई, दादांना घेऊन आठ दिवस ये, आमच्या घराच्या मागं समुद्र आहे,’ तेव्हा तिला काही उमजेना. घराच्या मागं उकिरडा असतो, कडब्याची गंज असते, फार तर आड असतो. समुद्र कसा असेल?

जावई बन्सीधर बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याची बदली पार कोकणात, एका बंदराच्या गावी झाली आणि निर्मला त्याच्याबरोबर गेली. सुमनबाईचे मालक माणिकराव आधी नकोच म्हणत होते. तीस एकरांचा धनी, गावात शब्दाला वजन, गाव सोडून राहायची सवय नाही. पण ते साल सत्त्याऐंशीचं. पाऊस धड झाला नव्हता, वैशाखात आडाचा तळ दिसत होता, रानात करण्यासारखं काही नव्हतं.

“चल, बघून येऊ येकदा,” ते म्हणाले. “लोक पैसे देऊन जातेत. आपल्याला तर जावायाचं घर हाय.”

देवगाव फाट्यावर त्यांनी एसटी धरली. गाड्या बदलत, ओकाऱ्या काढत दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पोचले. निर्मलानं चहासुद्धा घेऊ दिला नाही. पोर हरखली होती. तिनं आईचा हात धरला, स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत नेलं आणि मागचं दार उघडलं.

अंगण, अंगणाला लागून सुरूची चार झाडं, आणि त्यापुढं जमीन संपलेली होती.

सुमनबाईनं ते निळं असेल असं धरलं होतं. ते राखेच्या रंगाचं होतं. धरणाचं पाणी पडून राहतं. हे पडून नव्हतं. ते उठत होतं, पुढं येत होतं, आदळत होतं आणि परत जाताना काहीतरी ओढून नेत होतं. ती काठावर उभी राहिली तसं पाणी घोट्यापर्यंत आलं, मागं फिरलं, आणि तिच्या टाचांखालची वाळू निघून गेली. उभ्या जागी ती दोन बोटं खचली.

“कसा आहे गं?” निर्मलानं विचारलं.

“लय मोठा हाय,” सुमनबाई म्हणाली. ओठावर जीभ फिरवली तर खारट लागलं. गावाकडं बाया दोन हंड्यांसाठी मैलभर चालत होत्या, आणि इथं हे एवढं, प्यायच्या उपयोगाचं नाही. तिला रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. तहान लागली.

माणिकराव धोतर खोचून गुडघाभर पाण्यात गेले होते. लाट अंगावर घेऊन मोठ्यानं हसले. “येवढं पाणी, आन् येक गुंठा भिजत न्हाई ह्याच्यानं!”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव सदऱ्यासकट समुद्रात डुंबून आले. तो सदरा सुमनबाईनं धुवायला घेतला आणि बादलीत बुडवायच्या आधीच हातात धरून थांबली.

सदऱ्याला रॉकेलचा वास येत होता.

तिनं तो नाकाशी नेला. खाऱ्या पाण्याचा वास होता, सुक्या मासळीचा होता, आणि त्याखाली रॉकेल. किंचित नव्हे, बाहीच्या टोकापासून कोपरापर्यंत.

“निर्मला, हे हुंगून बघ बरं.”

निर्मलानं हुंगलं. “मासळीचा वास आहे आई. इथं सगळ्यालाच येतो. मला पण पहिला महिना मळमळायचं.”

“रॉकेलचा न्हाई येत?”

“स्टोव्ह पेटवलास ना सकाळी? तुझ्या हाताला असेल.”

खरं होतं. स्टोव्ह तिनंच पेटवला होता. सुमनबाईनं हात साबणानं धुतले, मग सदरा धुतला, पुन्हा हुंगला, पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुताना तिच्या ध्यानात आलं की आपण मोजतो आहोत. नऊ वर्षांपूर्वी गावाकडं, न्हाणीत दार लावून, ह्याच माणसाचा एक सदरा तिनं असाच तीनदा धुतला होता. तेव्हा तिनं काही विचारलं नव्हतं. त्यांनीही काही सांगितलं नव्हतं.

तिनं सदरा पिळला आणि उन्हात टाकला. बंदरावर मचवे येतात, त्यांची इंजिनं असतात, तेल सांडत असेल पाण्यात, असं तिनं स्वतःला समजावलं. पटण्यासारखंच होतं ते.

३

त्या दुपारी जेवणं झाल्यावर बन्सीधर कचेरीत गेला. निर्मला पुढच्या खोलीत आडवी झाली. सुमनबाई मागच्या खोलीत गार फरशीवर पडली. लाटांचा आवाज बंद दारातून येत होता. आदल्या दिवशी तो नुसता आवाज होता. आता तिला त्यात थाप ऐकू येऊ लागली. एक थाप, जरा वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. उघड्या तळव्यानं फळीवर मारावी तशी.

लाटाच त्या, ती मनाशी म्हणाली. कान जसं ऐकेल तसं ऐकू येतं. गिरणीच्या आवाजात नाही का माणसाला आपलं नाव ऐकू येत?

तेवढ्यात पलंगावरून माणिकराव म्हणाले, “अगं, दारावर कोण हाय बघ.”

ती उठून बसली. “कुठं? कोन्त्या दारावर?”

“मागच्या. कवाचं वाजवायलंय कुणीतरी.”

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. स्वतःला ऐकू येणं वेगळं. तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवला. “लाटा हायत त्या. झोपा तुमी.”

माणिकरावांना ते पटलं नाही. मग उठले, दाराशी गेले आणि कडी काढून दार सताड उघडलं. बाहेर ऊन होतं. अंगणात वाळत घातलेले कपडे होते. पुढं पाणी.

“कोण न्हाई,” ते म्हणाले. पण आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून डोळ्यांवर हात धरून लांब पाहू लागले.

“काय बघायलात?”

“ते लोक कामून थांबलेत पाण्यात?”

सुमनबाई त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. उन्हानं पाणी चकाकत होतं. तिला कुणी दिसलं नाही.

“रांगेनं हायत की,” माणिकराव बोट दाखवत म्हणाले. “पाठमोरे. डोक्यावर बोचकी हायत. बायाबी हायत त्यात. येवढ्या पाण्यात बोचकी घेऊन कुठं निघालेत?”

संध्याकाळी त्यांनी जावयाला विचारलं. बन्सीधर हसला. “मामा, रापण असेल ती. लांबलचक जाळं टाकतात आणि सगळं गाव दोराला लागून पाण्यात उभं राहतं. बाया टोपल्या घेऊन येतात.”

सुमनबाईला एवढं हायसं वाटलं की तिनं जावयाला आग्रहानं अजून एक भाकरी वाढली. पण शेजारचे जनूकाका अंगणात बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, सगळा जन्म त्या किनाऱ्यावर काढलेला. ते म्हणाले, “रापण गेल्या शुक्रवारीच बंद झाली हो. दर्या फुगायला लागला. आता नारळी पौर्णिमेनंतर.”

माणिकरावांनी ताट सारलं.

४

सुमनबाईला त्या रात्री जे आठवलं ते तिनं नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरचा आखाड होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या. त्यांच्या गावात दिवेलागणीच्या सुमारास माणिकराव चारपाच जणांबरोबर बाहेर पडले. जाताना म्हणाले, “दारं लावून घे. कुणीबी आलं तरी उघडायचं न्हाई.” ती दारं लावून बसली. थोड्या वेळानं बोळीपलीकडच्या बौद्धांच्या वस्तीकडनं आरडाओरडा ऐकू आला, आणि मग मागच्या दारावर थाप पडली. एक. मग लागोपाठ दोन.

“बाई, दार उघडा. म्हातारीला तरी आत घ्या.”

आवाज सुलाबाईचा होता. सुलाबाई वस्तीतली. सात वर्षं त्यांच्या रानात खुरपायला येत होती, आणि काही मागायचं तर ह्याच मागच्या दाराशी उभी राहायची. तिची सासू गयाबाई गावची सुईण. निर्मलाची नाळ तिनंच कापलेली. आता म्हातारीचे पाय गेले होते, ती जागची हलत नव्हती.

सुमनबाई दाराच्या आत उभी होती. हात कडीवर होता. कडी वर उचलायची, बाजूला सारायची, एवढंच काम. ती मनात म्हणाली, हे आले तर? मग म्हणाली, अजून येकदा हाक मारली तर उघडीन. हाक पुन्हा आली. तिनं उघडलं नाही. मग थाप थांबली.

तासाभरानं माणिकराव आले. सदरा काढून तिच्यापुढं टाकला. तिनं धुतला.

सकाळी कळलं की बारा घरं जळाली आणि गयाबाई आपल्या घरातच धुरानं गेली. सुमनबाईनं मनाशी ताळा लावला. आपण उघडलं नाही म्हणून सुलाबाई म्हातारीला घेऊन परत गेली असणार. वस्तीतली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन रांगेनं गावाबाहेर पडली. त्या पाठमोऱ्या रांगेकडं तिनं माडीच्या खिडकीतून पाहिलं. सुलाबाई त्यात दिसली नाही. पोलीस आले तेव्हा गावात कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

५

“आपुन गावाकडं जाऊ,” सकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

“का?”

“मला करमना.”

“आठ दिसासाठी आलोत आन् तिसऱ्या दिशी परत? पाण्याला भितीस काय?” ते तिच्यावर ओरडले. पण ओरडताना त्यांची नजर मागच्या दाराकडं होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, “जवळ जाऊन बघितलं पायजे. ते हलंनात. मी मोजायलोय, पण मोज लागना.”

पुढचे दोन दिवस ते तासन्‌तास किनाऱ्यावर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर यायचे, अर्धी भाकरी खायचे. निर्मलाला वाटलं, दादांना समुद्र आवडला.

रविवारी निर्मला आणि बन्सीधर तालुक्याला एका बारशाला गेले. माणिकरावांनी जेवून हात धुतले, पायात वहाणा घातल्या.

“कुठं चाललात?”

“आलोच.”

तिनं अडवायला हवं होतं. ती दाराशी उभी राहिली, ते सुरूच्या झाडांमधून खाली उतरले, तिनं दार लावलं आणि कडी घातली. कडी का घातली हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही.

ती भांडी घासायला बसली. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी असताना मागच्या दारावर थाप पडली. एक. मग लागोपाठ दोन.

“कोण हाय?”

“बाई,” बाहेरून आवाज आला. “दार उघडा. म्हातारीला तरी आत घ्या.”

आवाज माणिकरावांचा होता.

सुमनबाईच्या हातातली वाटी मोरीत पडली. त्यांनी तिला जन्मात बाई म्हणून हाक मारली नव्हती. आणि ते शब्द तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. ते त्या वेळी घरात नव्हते, तिनं कधी सांगितले नव्हते. झोपेत बडबडले असेन का मी? बडबडले असेन. ऐकलं असेल त्यांनी, आणि आता परीक्षा बघायलेत.

“अवो, असं कामून बोलायलात?” तिनं विचारलं. “पुढल्या दारानं या की.”

“बाई, उघडा.”

ती दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवला. लोखंड दमटलेलं होतं. दाराची फळी खाली कुजून चार बोटांची फट पडली होती. ती हळूच वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग गाल फरशीला टेकवला.

बाहेर पांढरं ऊन होतं आणि उन्हात दोन पाय होते. अनवाणी. वहाणा नव्हत्या. ते बाईचे होते की पुरुषाचे हे कळत नव्हतं, कारण घोट्यांपर्यंत चिखल वाळला होता आणि त्याला भेगा गेल्या होत्या. काळा चिखल. त्या अख्ख्या किनाऱ्यावर काळी माती मूठभर नव्हती. तिथं लाल माती होती आणि वाळू होती.

थाप पडली. फळी तिच्या कानाशी हादरली.

सुमनबाई उठली. तिनं कडी उचलली नाही. दोन्ही हातांनी ती खाली दाबून धरली आणि थाप थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.

६

निर्मला आणि बन्सीधर परतले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. माणिकराव सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्ध्या मैलावर, वाळूत. पायात वहाणा तशाच होत्या.

जनूकाका पुनःपुन्हा तेच सांगत होते. “मी सुरूत बसलो होतो. बरोबर तीनचा सुमार. तोपर्यंत ते छातीभर पाण्यात पोचले होते. हात वर करून कुणाला तरी बोलावत होते, पण पाठ किनाऱ्याकडं. मी हाका मारल्या. माझ्यात पोहायचं बळ राहिलं नाही हो. मी होडीवाल्यांना आणायला पळालो, तेवढ्यात संपलं.”

“तीनला ते पाण्यात होते?” सुमनबाईनं विचारलं.

“हो हो. तिथंच होते. मी डोळ्यांनी बघितलं ना.”

तिनं मान खाली घातली. तीनला जे दारावर होतं ते तिनं कानांनी ऐकलं होतं.

तेरावा गावाकडं झाला. पाहुणे पांगल्यावर निर्मला आईजवळ येऊन बसली. बरेच दिवस धरून ठेवलेलं विचारावं तसं तिनं विचारलं, “आई, तू घरातच होतीस ना? मागचं दार उघडं असतं तर समोर दिसले असते दादा. पन्नास पावलं पण नाहीत. तू ओरडली असतीस तर वळून तरी बघितलं असतं त्यांनी.”

“व्हय,” सुमनबाई म्हणाली.

“मग दार लावून का बसलीस?”

सुमनबाईला वाटलं, आता सांगावं. सदऱ्यापासून सांगावं. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. ही गयाबाईच्या हातावर जन्मली. तिला हे सांगितलं तर बाप दुसऱ्यांदा मरेल आणि आईही जाईल.

“डोळा लागला होता,” ती म्हणाली.

निर्मलानं ते खरं धरलं नाही, हे तिला दिसलं. लेक दुसऱ्याच दिवशी नवऱ्याबरोबर निघून गेली. दिवाळीला ये म्हणाली नाही. पत्र आलं तेही बन्सीधरच्या अक्षरात.

गावातल्या बाया मात्र भेटायला यायच्या, आणि हळहळून झाल्यावर हळूच विचारायच्या, “पण समुद्र कसा असतो वो?”

७

श्रावणात सुमनबाईनं सालगड्याकडनं एक गोष्ट काढून घेतली. वस्तीतली माणसं परभणीला, पूर्णेला, जिकडं तिकडं गेली होती. सुलाबाई चुडाव्याला होती. जिवंत होती. मुलगा रेल्वेत रुळांच्या गँगवर लागला होता.

ती कुणाला न सांगता सेलूला गेली आणि सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसली. चुडाव्याच्या टेसनामागं विटांची दोन खोल्यांची घरं होती. सुलाबाई ओट्यावर सुपात मूग निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं वर पाहिलं आणि लगेच ओळखलं. उठली मात्र नाही.

“बसा,” ती म्हणाली.

आतून तिच्या सुनेनं तांब्या आणून ठेवला. सुमनबाईचा हात तांब्याकडं जाताना अर्ध्यात जरासा थबकला, मग पुढं गेला. सुलाबाईनं ते पाहिलं. सुमनबाई घोटभर पाणी प्याली.

“मालक गेले म्हणं तुमचे. कानावर आलं.”

“व्हय.” सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं. बोलायचं ते तिनं गाडीत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलं. “सुला, त्या दिशी तू माज्या दारी आलतीस. म्हातारीला घेऊन. मी आतच हुते. कडीवर हात हुता माजा. मी उघडलं न्हाई.”

सुलाबाईचे हात सुपात थांबले.

“कोन्त्या दिशी?”

“घरं जळाली त्या दिशी. दिवेलागणीला.”

सुलाबाईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुमनबाई राग सोसायची तयारी करून आली होती.

“मी कुठली येते तुमच्या दारी?” ती म्हणाली. “मी गावात नव्हतेच. आखाडाला माहेरी आलते, हितंच, चुडाव्याला. लेकरं संगं आणली हुती. म्हातारी येकली हुती घरात. तिला उठता येत नव्हतं. शेजारीण भाकर देत हुती. पळापळीत तिचं कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. मला दुसऱ्या दिशी सांगावा आला.”

“पण आवाज तुजा हुता, सुला. तूच म्हणलीस, म्हातारीला तरी आत घ्या.”

“माजा नव्हता.”

“मी वळखते तुजा आवाज.”

“माजा नव्हता, बाई. म्हातारीचं घर तुमच्या मागल्या दारापासून किती लांब हुतं? बोळ तेवढी मदी. दार उघडलं असतं तर धूर निघताना दिसला असता तुमाला.” तिनं सुपातल्या मुगावरून हात फिरवला. “येकटीचं काम हुतं म्हातारीला उचलायचं. चिपाड झालती ती.”

सुनेनं आतून स्टोव्हला पंप मारला. सुमनबाईनं पदर नाकाला लावला.

“मग कोण हुतं?” तिनं विचारलं. “सुला, दोन्ही बारीला कोण हुतं ते? मला झोप न्हाई. तुजा नव्हता, त्यांचा नव्हता, मग दारावर कोण येतंय?”

दोन्ही बारीला म्हणजे काय, हे सुलाबाईनं विचारलं नाही. सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“मी आलेच असते,” ती म्हणाली. “खरंच मी असते, म्हातारीला पाठीवर घेऊन. तर उघडलं असतं का?”

सुमनबाईला व्हय म्हणायचं होतं. त्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती. तिनं तोंड उघडलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

सुलाबाईनं मान हलवली. मालाचा भाव आधीपासून ठाऊक असावा तशी. मग सूप परत मांडीवर ओढून तिनं मूग पसरले आणि एक खडा काढून ओट्याखाली टाकला.

“मग कोण हुतं ते कामून हुडकत फिरायलात?”